पाण्यात सुटलेलं गाठोडं

माझा नवस मोडला तेव्हा मी एका बेटावर होते. यवतमाळ जिल्ह्यात बेट कुठून आलं, असं कोणी विचारलं की मला हसू येतं, कारण माझ्या भावाने तिथे राहायला जा म्हटलं तेव्हा मीही त्याला हेच विचारलं होतं. पैनगंगेवर धरण झालं, गावं उठली, आणि पाण्यात एका टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. त्या माथ्यावर आता मातीच्या चार खोल्या आहेत आणि लोक तिथे आराम करायला जातात. झाडाखाली बसायचं, पाणी बघायचं, वेळेवर जेवायचं, एवढंच काम. भाऊ पुसदला मास्तर आहे. त्याने दोन दिवसांसाठी एक खोली आमच्या नावाने परस्पर सांगून ठेवली होती. "ताई, भाऊजीले जरा गावाबाहेर काढ," एवढंच तो म्हणाला. जास्त काही सांगायची गरज नव्हती, त्याने सगळं पाहिलेलं होतं.

माझे यजमान घरी असून घरात नव्हते. आदल्या पोळ्यानंतर कपाशीवर फवारणी करताना त्यांना विषबाधा झाली. बोंडअळीची वर्षं होती ती. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, औषध दरवेळी आधीपेक्षा जहाल, आणि त्या दिवशी वारा नेमका तोंडावर. यवतमाळच्या दवाखान्यात नऊ दिवस त्यांना धड दिसत नव्हतं. त्या खाटेशेजारी बसून मी महादेवाला बोलले, की यांना उठून घरी येऊ दे, शिवरात्रीला तुझ्यापुढे लाख वाती लावीन. ते उठले, घरी आले, डोळेही हळूहळू निवळले. पण पूर्वीचा माणूस काही परत आला नाही. ताट घेऊन पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर जायचे आणि घराकडे पाठ करून जेवायचे. झोपायचेही तिथेच. सकाळी बेलाचं पान वाहिल्याशिवाय चहा न घेणारा हा माणूस, देवघराच्या खोलीत पाऊल टाकीनासा झाला. विचारलं तर "काही नाही" म्हणायचे.

मला वाटलं, देवावर रागावले असतील. मग वाटलं, माझ्यावरच रागावले असतील, कारण त्या दिवशी "आज उरकून टाका, उद्या पाऊस येईन" अशी घाई मीच केली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाला मागून मागून परत आणलं, तो माझ्यासमोर बसून दोन घास खात नाही, याचं दुःख मला आतून पोखरत होतं. म्हणून मी वातींचा जोर वाढवला. यांच्या आजारपणात पहिली वेचणी मी स्वतः केली होती आणि त्यातला शुभ्र कापूस देवासाठी बाजूला काढला होता. देवाला द्यायचं तर आपल्या शेतातलंच द्यावं, असं माझं म्हणणं. माजघरात देवासमोर कापूस पसरून बसायचे, सरकी काढायची, बोटाला भस्म लावून वात वळायची. रोज वळायच्या, एकही दिवस खंड पाडायचा नाही, असं मीच ठरवलं होतं. चार महिने घरभर कापूस उडत होता. वाती वाढत होत्या आणि हे लांबच जात होते. हे असं का, याचा विचार करायलाही मला सवड नव्हती.

माघ लागला, शिवरात्र तोंडावर आली, आणि त्यात हा आराम. मी जाताना कापसाचं मोठं गाठोडं बरोबर घेतलं. भावाने कपाळाला हात लावला. हे गाठोड्याकडे न बघता एसटीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

काठावर सलीमभाई होडी घेऊन उभे होते. बेटावरच्या खोल्या ते आणि त्यांची बायको जुबेदाभाभी सांभाळतात. आधी महागावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, यांची मोटारही त्यांनी एकदा बांधून दिलेली निघाली, त्यामुळे होडीत दोघांच्या गप्पा लागल्या. मी मात्र गाठोडं मांडीवर आवळून पाणी बघत होते. मला पाण्याची भीती वाटते, पण त्या पाण्याखाली कोणाची चूल असेल, कोणाचा गोठा असेल, हे बघायची उत्सुकता भीतीपेक्षा जास्त होती. काही दिसलं नाही. बेटाला होडी लागली तेव्हा हे आधी उतरले आणि दगडावर उभे राहिले. मला हात मोकळे हवे होते म्हणून गाठोडं त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते धरलं, आणि सोडलं. नेमकं काय झालं ते तेव्हा कळलं नाही. गाठोडं पाण्यात पडलं, गाठ सुटली, आणि पांढरा कापूस पसरत पसरत खोल पाण्याकडे गेला. सलीमभाईंनी वल्ह्याने ओढून थोडा काढला, तो गाळाने माखलेला होता.

मनात मी महादेवालाच धारेवर धरलं. तुझ्यासाठी बोटांची कातडी गेली आणि तुला माझ्या चार वाती नकोशा झाल्या का, असं विचारलं. त्या दिवशी एकही वात वळली गेली नाही. खंड पडला.

रिकाम्या हातांना काही सुचेना, म्हणून मी ती जागा बघत फिरले. रागातही मला सगळं बघायचं असतं, ही माझी जुनी खोड आहे. भिंती मातीच्या, शेणाने सारवलेल्या, अगदी आमच्या घरासारख्या. शहरातली माणसं इथे येऊन भिंतीला हात लावून बघतात, असं भाभी म्हणाल्या. मीही लावून बघितला, सारवण माझ्यापेक्षा बरं होतं. संडासात पाण्याऐवजी राख टाकायची. ते ऐकून मी भाभींना तीनदा विचारलं, आणि त्यांनी तीनदा न चिडता सांगितलं. साबण पाण्यात न्यायचा नाही, कारण मासे त्यांचे शेजारी आहेत म्हणे. फोनला रेंज नाही. कोणाला काही घाई नाही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारी काही न करता बसले, आणि बसता येतं हे पाहून चकित झाले.

संध्याकाळी भाभींनी स्वयंपाकघरातच पानं मांडली. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी, वर ठेचा. मी सवयीने यांचं ताट उचलून बाहेर द्यायला निघाले, तर हे आत येऊन चुलीजवळ बसलेले. माझ्या समोर. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी भाकर वाढताना डोळ्यांतलं पाणी लपवलं, पण डोकं मात्र चालू झालं. इथे का? तशीच माती, तशीच चूल, तशीच भाकर, समोर मीही तीच. मग घरात असं काय आहे जे इथे नाही? मी एकेक वस्तू मनात ठेवून बघत राहिले.

सकाळी भाभींना म्हटलं, निदान पाच वातींपुरता कापूस मिळेल का, उशीतला असला तरी चालेल. त्या मला टेकडीच्या अगदी माथ्यावर घेऊन गेल्या. तिथे उघड्यावर महादेवाची पिंड होती आणि तिच्या बाजूला माणसापेक्षा उंच देवकपाशीचं झाड, बोंडांनी फुटलेलं. देवकपाशी म्हणजे अंगणात वातींसाठी लावतात ती, वर्षानुवर्षं टिकणारी. आमच्या गावात आता कोणाकडे उरली नाही. सलीमभाई तिला पाणी घालत होते.

"गाव गेलं, हे राह्यलं," ते म्हणाले. "आपल्याले बादलीभर पाणी टाकाले काय जाते? उठलेल्या गावाचे लोक येतेत शिवरात्रीले, त्याइले वातीले होते."

ते बादली घेऊन खाली गेले आणि मी बोंडं वेचायला लागले. थोड्या वेळाने हे चढण चढून आले. दुरूनच परत जातील असं वाटलं होतं. ते झाडापाशी आले, एक बोंड तोडलं, आणि कापूस नाकाशी धरून उभे राहिले.

"याले काही वास नाही," ते म्हणाले.

"कापसाले कायचा वास राह्यते?"

"आपल्या कापसाले येते. त्या औषधाचा. तू घरात कापूस पसरला का मले गरगर होते. घास वर येते."

माझे हात थांबले. चार महिने मी त्यांच्या घरात, त्यांच्या देवापुढे, त्याच शेतातला कापूस उडवत होते. सपरीत कोणी ढकललं होतं त्यांना, ते मला त्या क्षणी कळलं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? तू माह्यासाठीच करून राह्यली होती."

मला रडू आलं. ते झाडाकडे बघत राहिले. डोळे पुसून मी विचारलं, "काल गाठोडं तुम्ही टाकलं का?"

त्यांनी खूप विचार केला. त्यांनाही ते नीट माहीत नसावं. "टाकलं नाही," ते म्हणाले. "हात सुटला. पण सुटलं तवा बरं वाटलं."

तो हात कोणी सोडवला, हा प्रश्न मी आजही उलटसुलट करून बघते. विषाने अधू झालेली बोटं असतील. मला अशा गोष्टी शोधून काढायला आवडतात, पण हा शोध मी पिंडीपुढे ठेवून आले. मला एवढंच माहीत आहे की ज्या गोष्टीसाठी मी देवावर रागावले, तीच मी मागितली होती. नवस बोलताना मी त्याला फक्त यांना परत दे म्हटलं होतं. कसं द्यायचं, ते माझ्या वाती सांगणार नव्हत्या. मी मात्र मागणं त्याच्या हाती देऊन वर त्याचा हातही धरून ठेवला होता. आपल्या भक्तीतही आपला हट्ट किती असतो, हे त्या टेकडीवर माझं मला दिसलं.

घरी आल्यावर मी आधी उरलेला कापूस नाकाशी धरून बघितला. मला कसलाच वास आला नाही. पण मी फवारणीला गेले नव्हते. तो सगळा कापूस त्याच दिवशी घराबाहेर काढला, माजघर सारवलं, आणि वळलेल्या वातींचे डबे गावातल्या मंदिराच्या महाराजांकडे नेऊन दिले. लाख झाल्या नाहीत आणि आता माझ्याकडून होणार नाहीत, असं सांगितलं. ते म्हणाले, "जेवढ्या आणल्या तेवढ्या पोचल्या." माझ्या खांद्यावरचं ओझं तिथेच उतरलं.

शिवरात्रीला आमच्या देवघरात एकच वात लागली, देवकपाशीची. भाभींनी दिलेल्या मूठभर कापसातून ती यांनी वळली होती. जाड, वाकडी, एका टोकाला सरकीचं टरफल अडकलेलं, त्यामुळे सारखी तडतडत होती. ती मी नीट केली नाही. सरकी अंगणात पेरली आहे, तिला पाणी हे घालतात. दुसऱ्या दिवशी उपास सोडायचा होता. चार महिन्यांच्या सवयीने मी यांचं ताट सपरीत नेऊन ठेवलं. ते ताट उचलून आत आले, भिंतीला टेकवलेला पाट स्वतःच घेतला, माझ्या समोर मांडला आणि म्हणाले, "तूही वाढून घे ना वं."