गोत्रीत, पन्नासच्या आकड्यासमोर

धाकट्या बहिणीच्या, सुधाच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ऐन मे महिन्यात बडोद्याला निघाले. तुम्ही मात्र थंडीत जा. पुण्याहून थेट गाडी आहे, सकाळी पोचवते. स्टेशनवरून हरणीला जायचं तर रिक्षाचं भाडं आधी ठरवा. वाटेत सेव-उसळ खा; वरची तिखट तरी बेताने घ्या.

दुपारी हरणीत सुधाकडे वीज गेली आणि माझी जीभ सुटली. "आमच्याकडे कधी जात नाही!" खरंच जात नाही. माझ्या नवऱ्याला ऑक्सिजनचं यंत्र लागायचं, तेव्हा भांडून-भांडून मी आमची इमारत शेजारच्या हॉस्पिटलच्या लाइनवर घ्यायला लावली. त्या लाइनीला भारनियमन नाही. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. लाइन तशीच आहे.

सुधाचा मुलगा मंदार गोत्रीला राज्याच्या वीज नियंत्रण कक्षात इंजिनिअर आहे. त्याला मी चांगलं फैलावर घेतलं. "एसीत बसून बटणं दाबता, आणि आई इथे घामाने निथळते."

"मावशी, उद्या येऊन बघ. बटण नसतं, फोन असतो," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्कूटरवर बसून शहराच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. ही जागा पर्यटकांना खुली नाही. मंदारने साहेबांची परवानगी काढली होती. कॅमेरा फाटकावर ठेवावा लागला.

आत भिंतीवर एकच मोठा आकडा, विजेच्या वारंवारतेचा. तो पन्नासच्या आसपास राहायला हवा, मंदार सांगत होता. लोक जितकी वीज ओढतात तितकीच त्या क्षणी तयार व्हायला हवी. मागणी वाढली की सगळीकडची जनित्रं मंदावतात आणि आकडा उतरतो. फार उतरला तर ती एकामागून एक बंद पडतात, आणि मग सगळाच अंधार.

तीनच्या सुमारास आकडा एकोणपन्नासवर आला. मंदारने धरणावरच्या वीजघराला फोन लावला. तिथली सगळी यंत्रं आधीच पूर्ण चालू होती. आता कुणाची तरी वीज तोडायलाच हवी होती. त्याने पाळीची यादी पाहून एका उपकेंद्राला मकरपुऱ्याकडची एक लाइन बंद करायला सांगितलं.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "साहेब, एमां ऑक्सिजनवाळा दर्दी छे." त्या लाइनीवर ऑक्सिजनवरचा पेशंट होता.

"तो रहेवा दो. हरणी लई लो," मंदार म्हणाला; म्हणजे ती राहू द्या, हरणीची घ्या.

"हरणी बंद," पलीकडच्याने सांगितलं. मंदारने वेळ लिहून ठेवली.

"अरे, आई आहे तिथे!"

"माहीत आहे, मावशी. पण तो पेशंट वगळला की पुढची पाळी हरणीचीच."

आकडा हळूहळू वर चढला. मी मंदारकडे वळले.

"तो पेशंट अजून आहे की नाही, हे कोण बघतं?"

"कोण बघणार? लोक सांगतात, आम्ही मानतो. एवढ्यासाठी कोण खोटं बोलेल?"

तोंडाळ म्हणून मी घराण्यात प्रसिद्ध आहे. तिथे मात्र आमच्या लाइनीचं मी सांगितलं नाही. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, सांगायचं ते न सांगणं हेही पापच. मी त्यांना मनातल्या मनात हसायचे.

संध्याकाळी घरी आले. वीज परत आली होती, पण सुधा घामाने चिंब होती आणि डोळ्यावरची पट्टीही ओली झाली होती. "ताई, उन्हातून आलीस," असं म्हणत तीच हातपंखा घेऊन मला वारा घालू लागली. तिला काही सांगितलं नाही. मंदारलाही नाही.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दोन वाजता समोरच्या चाळीत वीज गेली आणि तिथले लोक ओट्यावर येऊन बसले. रोजच बसतात. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. तीन वर्षं मी त्यांना आळशी म्हणत आले.

तिसऱ्या दिवशी वीज कार्यालयात अर्ज घेऊन गेले. रुग्ण हयात नाही, लाइन बदलावी. इमारतीतले लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते चालेल. खिडकीतल्या कारकुनाने मृत्यूची तारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक अक्षरही न बोलता शिक्का मारला.

काही बोलला असता, तर मला भांडता तरी आलं असतं.