डोनलबाबांचं चौथं कडवं

चैत्रालीला आयरिश भाषा येत नव्हती, अजूनही येत नाही. पण सासऱ्यांचं गाणं वाचवायचं तिनंच मनावर घेतलं आणि घोळही तिनंच घातला. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलायला नको.

सासरे म्हणजे डोनलबाबा. आयर्लंडच्या पश्चिमेला एका खाडीकाठी त्यांचा जन्म गेला. तिथले नावाडी मासे घेऊन परतताना चार कडव्यांचं एक गाणं म्हणायचे. होड्या गेल्या, नावाडी गेले, गाणं या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात उरलं, आणि आता ते डोकंही दगा द्यायला लागलं. तेव्हा मुलानं, कीरननं, त्यांना सिंगापूरला, बिशानच्या फ्लॅटमध्ये आणलं. लहानपणी कीरनला या गाण्याची लाज वाटायची, म्हणून तो ते शिकलाच नाही. आता बापाच्या तोंडाकडे बघत बसायचा, केविलवाणा.

दर रविवारी चौघं पार्कात नदीकाठी बसत. चैत्राली-कीरनची नऊ वर्षांची जाई आजोबांमागून म्हणायची, चैत्राली फोनवर रेकॉर्ड करायची. तीन कडवी हाती लागली. चौथ्यात होडी घरच्या धक्क्याला लागते, एवढं बाबा सांगायचे. पण दोन ओळी झाल्या की अडायचे. पुढचं आठवेना की स्वतःच्याच कपाळावर मुठी मारून घ्यायचे. बघवत नसे हो.

एका रविवारी चैत्रालीला राहवलं नाही. तिनं आपल्या आईच्या पाळण्याची चाल घेतली, आधीच्या कडव्यांतले शब्द त्यात कोंबले आणि म्हणाली, "बाबा, असंच आहे ना पुढे?"

बाबा शांत झाले. चक्क हसले. तेवढ्यापुरतं ठिगळ आहे, असं तिनं कीरनला सांगितलं, त्यानंही मान डोलावली. मग पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. जाईनं ते पाठ केलं. तिला खरं काय ते सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. शिकलेसवरलेले लोक, रॅफल्स प्लेसला बँकेत बसून दुसऱ्यांच्या चुका काढतात, आणि घरात ही अक्कल!

गेल्या शनिवारी दुपारी चैत्राली स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. हॉलमध्ये आजोबा आणि नात गात होते. चौथं कडवं आलं, दोन ओळी झाल्या, आणि तिसरीला बाबांचा आवाज भलतीकडेच चढला. चाल पाळण्याची नव्हती. शब्दही तिनं कधी न ऐकलेले. सुरी टाकून ती फोनकडे धावली, पण रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आतच जाईनं आजोबांना थांबवलं.

"नो लाह, आजोबा," जाई शाळेतल्या बाईंसारखी, सिंगापुरी हेल काढून, समजुतीनं म्हणाली. "चुकलं. असं नाहीये ते." आणि तिनं पाळणा म्हणून दाखवला.

"जाई, गप्प बस," चैत्राली किंचाळली. पोर बिचारी भेदरून गेली. "बाबा, आत्ता काय म्हणत होतात? तेच म्हणा. पाया पडते मी तुमच्या."

ती खरोखरच त्यांच्या पायांशी बसली. दारात कीरन उभा होता. त्यानंही ऐकलं होतं.

बाबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग नातीकडे बघून ओशाळं हसले. "पोर बरोबर सांगतेय. माझंच चुकलं," म्हणाले, आणि त्यांनी पाळणा म्हटला, शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता. मग चैत्रालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आमची आई अस्संच म्हणायची."