रंगाखालचा नंबर

भवानीनगरच्या रावजीआबांना इंजिन दुरुस्त करता येतंच, पण त्यांचं नाव झालंय ते नंबर शोधण्यात. कुणाच्या इंजिनावर गंज चढलेला असतो, कुणाच्या इंजिनावर काळं ऑइल थापलेलं. आबा बोटानं चाचपत बरोबर जागेवर जातात. मग नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, आकडे कागदावर उमटवायचे आणि त्यातली अक्षरं वाचून मालकाला इंजिनाच्या जन्माचं वर्ष आणि महिना ऐकवायचा. हे सगळं फुकट. शिव्या मात्र मालकानं खायच्याच, कारण आबांच्या मते इंजिन नीट सांभाळणारा माणूस या मुलखात अजून जन्माला यायचाय.

त्यांचा सगळ्यात मोठा राग रंगावर. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुवावा, पुजावा, इथवर ठीक. पण हौसेपायी इंजिनालाही रंग फासून नंबर बुजवायचा, हे त्यांच्या डोक्यात जातं.

बावड्याच्या जयवंता नावाच्या बाईकडं हाच प्रकार निघाला. तिचा नवरा संभाजी उन्हाळ्यात अचानक गेला. ट्रॅक्टर तिच्या नावावर झाला तरच तो यंदा कारखान्याच्या ऊसवाहतुकीला लागणार होता, आणि घर त्यावरच चालायचं. बारामतीला आरटीओच्या तपासणीत इंजिनावर नंबरच दिसला नाही, म्हणून कागद परत आले होते.

आबांनी बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. नंबराच्या जागी निळा रंग, खरवडला तर खाली लाल, त्याखाली हिरवा. असा दरसालचा एकेक थर, आठ-दहा तरी. खरवडता खरवडता आबांचं तोंड सुटलं. असला रंगवेडा माणूस पाहिला नाही, याला काही अक्कल होती की नाही, असं बरंच काही. जयवंता पाण्याचा तांब्या घेऊन मागंच उभी आहे, याचंही त्यांना भान राहिलं नाही.

शेवटच्या थराखाली लोखंड लागायला हवं होतं, तर चाकूचं पातं मऊ जागेत रुतलं. आबांनी हलकेच कड उचलली. रंगासकट टायरच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा निघून आला, नंबराच्या मापानं कापून डकवलेला. खाली आकडे लख्ख, कुठं गंजाचा ठिपका नाही. पहिल्यांदा रंग द्यायच्या आधीच संभाजीनं ते झाकून ठेवले होते. सांगायचं तेवढं राहून गेलं.

आबांनी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला. एरवी लगेच जन्ममहिना सांगणारा हा माणूस आज ते सांगायचंच विसरला. त्यांना मनापासून लाज वाटली.

"जयवंता, मी लई वंगाळ बोललो," ते म्हणाले. "त्यानं नंबर बुजिवला न्हवता, जपला हुता."

जयवंतानं तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ अंगठ्यानं पुसत राहिली.

"मी बी धा वर्सं हेच बोलत आले, आबा," ती म्हणाली. "त्ये नुसतं हसायचं."