मनगटावरची नाशपाती

परफ्यूमच्या काउंटरवर मी सतरा वर्षं उभी होते, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं मला काडीचाही वास येत नव्हता. एका तापात नाक जे गेलं ते परत आलंच नाही. बहिऱ्याने गाण्याचे क्लास घ्यावेत तसा प्रकार. पण ते काउंटर सोडलं तर जगात मला कोणी मॅडम म्हणत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

सगळ्यात जास्त खपायची ती एक पांढरी बाटली. वास सौम्य, आधी फळांचा, मग पांढऱ्या फुलांचा. असला नाजूक वास कागदाच्या पट्टीवर एक बोलतो आणि अंगावर दुसरंच, त्यामुळे तो दिवसभरात कसा बदलत जातो हे गिऱ्हाइकाला नीट सांगावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी घरात एखादं चालू नाक शोधायला लागले. नवरा परफ्यूमलाही छान म्हणतो आणि करपलेल्या भाजीलाही, म्हणून तो बाद झाला. उरल्या सासूबाई.

आमचं दोघींचं बोलणं तोवर गोळ्या घेतल्या का आणि किल्ली कुठे ठेवली, एवढ्यापुरतंच होतं. तरी एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना माझ्या नाकाची कथा सांगितली आणि मनगटावर एक फवारा मारून समोर बसले. माझी अक्कल अशी, की खोक्यावरची यादी आधीच मोठ्याने वाचून दाखवली: नाशपाती, जाई, कस्तुरी. म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरं एकदमच हातात. सासूबाईंनी डोळे मिटून हुंगलं. नाशपाती नुकती सोललीय, म्हणाल्या, बोटं अजून चिकट आहेत. तासाभराने जाई आली, पण खिडकीबाहेरची. तीन तासांनी इस्त्रीची चादर. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर स्वतःचं म्हणून खपवलं.

बाटल्या हातोहात जायला लागल्या. दुकानात मी नाकाने कांदे सोलत फिरू लागले. घरी मात्र नेम ठरून गेला. कामावरून यायचं, हात पुढे करायचा आणि सकाळच्या फवाऱ्यातलं काय उरलंय ते ऐकायचं. त्यात चहा व्हायचा, त्यांच्या माहेरच्या गोष्टी व्हायच्या, आणि उठायला उशीर व्हायचा.

मग कंपनीच्या ट्रेनर बाई आल्या. माझ्या वर्णनांची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली होती. मी ऐटीत शोकेसमधली बाटली उचलली, त्यांच्या मनगटावर फवारा मारला आणि प्रवचन सुरू केलं. ती बाटली कित्येक महिने शोकेसच्या तापलेल्या दिव्याखाली होती. आतला माल आंबून त्याचा व्हिनेगर झाला होता, हे सोडून मला त्या बाटलीबद्दल सगळं माहीत होतं. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला ही नाशपाती वाटते?"

"नुकती सोललेली," मी म्हणाले.

त्यानंतर खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाई भल्या होत्या. घरी न पाठवता त्यांनी मला गिफ्ट पॅकिंगला बसवलं. तिथे नाक लागत नाही, बोटं लागतात, आणि मॅडम कोणी म्हणत नाही. लाजेने मी घरात कुणाला सांगितलं नाही. परफ्यूम लावायचं कारणच उरलं नव्हतं. घरी यायचं आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पडायचं, असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी हाक मारून विचारलं, हात दाखवायचा नाही का आज. मी समोर बसले आणि सवयीने हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ हुंगला.

"चादर आलीय," म्हणाल्या, "पण जाई अजून आहे थोडी."

"आई, आज काही लावलंच नाही मी. चार दिवसांत नाही लावलं."

त्यांनी हात सोडला नाही.

"मलाही येत नाही गं वास. तुझ्या कितीतरी आधीपासून," त्या म्हणाल्या. "पण तू जवळ येऊन बसायला लागली होतीस."