भिंतभर टीव्ही आणि पंचायतीत रडलेला गडी

मला मोठेपणा मिरवायची भारी हौस. घरात नवी वस्तू आली की सगळी गल्ली बघून जाईपर्यंत मी तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढत नाही. गेल्या वर्षी भिंतभर टीव्ही घेतला तेव्हाही हेच झालं, आणि त्यापायी एका जिवाभावाच्या मित्राचं मी वाटोळं केलं.

हा मित्र कसबा बावड्याचा, रिक्षा चालवतो. आसपास कुठं शूटिंग लागलं आणि गर्दीला माणसं हवी असली की रिक्षा बाजूला लावून हा हजर. इतकी वर्षं त्याची पाठच पडद्यावर दिसली, तोंड कधी नाही. या खेपेला मात्र त्याला पंचायतीच्या प्रसंगात सरपंचामागं उभं केलं आणि निकाल ऐकून रडायला सांगितलं. कॅमेरा थेट तोंडावर. गडी खरंच रडला म्हणे. हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की मीच रडायचा बाकी होतो.

त्याचे वडील आजऱ्याकडं गावी असतात. पोराच्या या नादाला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या. आता त्यांची नजर अधू झालीय. म्हणून मित्राचा एकच हट्ट, आबांना थेटरातच न्यायचं. पुढं बसवलं तर एवढं मोठं तोंड त्यांना दिसेल, आणि एकदा दिसलं की पोरगं वाया गेलं नाही हे पटेल.

पण पिक्चर एकाच शुक्रवारी थेटरातही लागला आणि नेटवरून घरच्या टीव्हीवर, फोनवरही आला. थेटरात एकच खेळ, दुपारी तीनचा. मित्रानं सगळ्या गल्लीला आवतण दिलं होतं. त्यात मी शहाणा. म्हटलं, सकाळी माझ्याकडं बघून घेऊ, म्हणजे थेटरात शिट्टी कुठं मारायची ते कळेल. ही अक्कल मी चारचौघांत बोलूनही दाखवली, आणि चारचौघांनी माना डोलावल्या.

मित्र आबांना आणायला स्टँडवर गेला, तोवर इकडं माझ्या घरात गल्ली मावेना. पिक्चर कोण बघतंय? मी रिमोट कसा चालतो ते दाखवत होतो. एक गाणं आलं, रटाळ होतं, ते बटण दाबून पुढं ढकललं. बरंच ढकललं. पिक्चर संपला तरी आपला गडी काही दिसेना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जाणकाराचं तोंड करून सांगितलं, कापलं असणार बिचाऱ्याला, या धंद्यात असंच असतं. मग बायकोनं मटणाचा रस्सा वाढला. जेवून एकेक जण घरी जाऊन आडवा झाला. बघितला की, परत कशाला, असं म्हणत.

थेटरावर मी एकटा गेलो. दारात मित्र उभा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. शेजारी आबा, डोक्याला नवा फेटा. आणि मी. माणसंच नाहीत म्हणून मॅनेजरनं खेळ रद्द करून पडदा दुसऱ्याच एका हिंदी पिक्चरला दिला होता. मी गल्लीत फोन लावले, एकानंही उचलला नाही. उरलेली सगळी तिकिटं मीच घेतो म्हणालो, तर मॅनेजर म्हणाला, आत दुसऱ्या पिक्चरचं पब्लिक बसलंय, आता काही होत नाही.

मित्रानं मला बाजूला घेतलं. गल्लीनं सकाळी बघितलं का, मी दिसलो का, असं विचारलं. मी खाली बघत सांगितलं की तुला कापलंय. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, “दाव बघू फोनवर.”

ते गाणं संपल्या संपल्या पंचायत लागली. सरपंचामागं हा उभा, डोळे भरलेले. कुणी कापलं नव्हतं, मीच ढकललं होतं. लाज अशी वाटली की पायातलं काढून स्वतःच्या तोंडात मारावं. तेवढा प्रसंग परत मागं घेऊन मित्रानं फोन आबांच्या डोळ्यांसमोर धरला. भर उन्हात काचेवर आबांना स्वतःचा फेटाच दिसत असणार.

“ह्यातला तू कंचा?” आबांनी विचारलं.

मित्रानं स्वतःवर बोट ठेवलं. त्या बोटाखाली तो सगळाच्या सगळा झाकला गेला. वर बोट लागल्यानं चित्र काळं पडून थांबलं.

आबा त्या काळ्या काचेकडं डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “दिसलास की. लई चांगला दिसलास.”