कुर्माघरात देवी नव्हती तेव्हा

देवीवरचा माझा विश्वास त्या चार दिवसांत डळमळला होता, हे आधीच कबूल करते. माझं माहेर सिंदेवाहीचं. भामरागडकडच्या एका माडिया गावात मी नर्स आहे. देवीचा चांदीचा टाक कायम माझ्या पिशवीत असे. रोज त्याच्यापुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

गावातली चिन्नी कुर्माघरात तापाने फणफणली होती. कुर्माघर म्हणजे पाळीच्या दिवसांत बायांनी राहायची गावाबाहेरची झोपडी. आतल्या बाईला जी शिवेल तिनेही तिथेच राहायचं, असा नेम. रक्त तपासायचं तर शिवावं लागणार, आणि ओढून बाहेर काढलं तर गाव तिला परत घेणार नाही. मी तणतणत पुजाऱ्याकडे गेले. अंगात देव येणारा, जडीबुटी देणारा हा म्हातारा. त्याचा-माझा छत्तीसचा आकडा.

"पोरगी मरून राह्यली बाबा, अन् तुमचा देव नेम सांगते काय?"

त्याने डोळे मिटून सुपात तांदूळ घोळले. अंग थरथरलं. मग म्हणाला, "आई म्हणते, बाई, तू जा. पण चिन्नीसंगंच बाहेर ये."

विटाळाच्या झोपडीत देवी कशी नेणार? टाक त्याच्या हाती ठेवला आणि वाकून आत शिरले.

मलेरियाच निघाला. गोळ्या दिल्या, अंग पुसत बसले. झोपडी गळत होती. तिचं कौतुक मी करणार नाही. दिवा नाही, आरती नाही. दुसऱ्या दिवशी चिन्नी तापात बरळू लागली तेव्हा मला रडू फुटलं. मागायला शब्दच उरले नव्हते. नुसतं म्हटलं, आता तूच बघ. तिसऱ्या सकाळी पोरीने डोळे उघडून पेज मागितली. काय आनंद झाला मला, कसा सांगू!

चौथ्या दिवशी आम्ही दोघी नदीवर न्हाऊन गावात शिरलो, तर बाया गात सामोऱ्या आल्या. पुजाऱ्याच्या अंगणात पाटावर माझी देवी होती. पुढे वाळली मोहफुलं आणि पेटलेला दिवा.

"बाबा, तुम्ही पूजा केली?"

"मंग? पाहुणीले उपाशी ठेवाव काय?"

मग त्याने सगळ्यांसमोर पुन्हा सूप घेतलं. "दवाखान्याच्या बाईले विटाळ नाई. कधीबी जाव, कधीबी याव." त्या दिवसापासून गावात एकही बाई कुर्माघरात औषधावाचून राहिली नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, देवीला मी सांभाळते. हात रिकामे झाले तेव्हा कळलं, सांभाळणारी ती. आता कुर्माघरातून बोलावणं आलं की टाक पुजाऱ्याकडे ठेवते आणि निर्धास्त निघते. खरं सांगू? त्याच्या हातची पूजा तिला माझ्यापेक्षा जास्त मानवते.