सुहासिनीच्या बाटल्या आणि लवू

लवू परब महापालिकेतर्फे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत डासांच्या अळ्या शोधायला यायचा. खांद्यावर शिडी, हातात टॉर्च आणि तोंडाला लगाम नाही. टाकीचं झाकण उघडं दिसलं की गच्चीवरूनच सेक्रेटरीच्या नावाने शंख करायचा. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, काही त्याच्या नजरेतून सुटत नसे.

माझ्या बायकोला, सुहासिनीला, मनी प्लँटचं वेड. बाल्कनीत पाण्याच्या बाटल्यांची रांगच होती. लवू एकेक बाटली उपडी करायचा. एकदा त्याने वळवळणारी अळी तळहातावर धरून तिला दाखवली.

"काकी, आठवड्याभरात हिका पंख फुटतले. डेंगीचो डास ह्यो, दिवसाढवळ्या चावता. आणि नुसता पाणी ओतून भागाचा नाय, बाटली घासूक व्हयी. अंडी काठाक चिकटून रवतत."

पुढच्या खेपेला तिच्या आईची काचेची बरणी त्याच्या हातून फुटली. सुहासिनी रडली. लवूने दहादा माफी मागितली, पण माझं डोकं फिरलं होतं. मी निवृत्त बँक अधिकारी, अर्ज लिहिण्यात माझा हात कोण धरणार? 'उद्धट, अरेराव, महिलांशी बोलण्याची रीत नाही' असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, चार शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि त्याच्या साहेबांना नेऊन दिलं. महिन्याभरात लवूची बदली झाली. पेढे तेवढे वाटले नाहीत मी.

त्याच्या जागी आलेला नितेश फार सभ्य. दारातूनच विचारायचा, "काका, पाणी साठलेलं नाही ना कुठे?"

"छे!" मी म्हणायचो, आणि त्याच्या तपासणीच्या वहीत सही करायचो.

सप्टेंबरात सुहासिनीला ताप आला. साधाच असेल म्हणून मी दोन दिवस गोळ्यांवर काढले. मग हॉस्पिटल. सातव्या दिवशी ती गेली. डेंगी. डास शेजारच्या बांधकामावरूनही आला असेल, लोक माझी समजूत घालतात. पण स्मशानातून आल्यावर मी बाल्कनीत जाऊन बाटल्यांवर टॉर्च मारला होता. प्रत्येकीत अळ्या होत्या. तो अर्ज मी लिहायला नको होता. 'छे' तर मुळीच म्हणायला नको होतं.

दहाव्या दिवशी लवू आला. कोणी कळवलं, देव जाणे. चपला बाहेर काढून तो कोपऱ्यातल्या दिव्यापाशी बसला. दिव्याशेजारी तिच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं, तेरा दिवस ठेवतात तसं. सवयीने त्याची नजर भांड्यात गेली आणि लगेच ओशाळून त्याने मान फिरवली. त्याने माझ्या नावाने शंख केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बघ, नीट बघ," मी म्हणालो. "काठसुद्धा घासतो रे लवू. रोज."